सॉसेज नसलं तरी चालेल

शिकागोत आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक हॉट डॉग मागवला आणि त्यात हॉट डॉग घालू नका, असं सांगितलं.

झालं असं, की जानेवारी महिना, स्टेशनबाहेर उभी, हातमोज्यांच्या आतसुद्धा बोटं बधिर झालेली आणि पुढची गाडी चाळीस मिनिटांनी. समोर एका खोलीएवढं दुकान होतं. काचांवर आतून वाफ धरलेली. आत शिरले तर भिंतीवर मोठं चित्र: लांबट बन, त्यात टोमॅटोच्या फोडी, काकडीच्या लोणच्याची लांब चीर, बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या आणि पिवळ्या मस्टर्डची नागमोडी रेघ. सॉसेज त्या गर्दीत शोधावं लागत होतं. मला तर ती भेळेची गाडीच वाटली, फक्त पावात भरलेली. तोंडाला पाणी सुटलं. पण सॉसेज बीफचं. आमच्या घरी कोंबडी चालते, मटण चालतं, मासे तर पळतात. बीफ तेवढं नाही. त्यामागे काही फार मोठा विचार आहे असं नाही. लहानपणापासून नाही म्हणून नाही.

म्हणून म्हटलं, "सगळं घाला, फक्त सॉसेज नको."

काउंटरमागच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर काही न बोलता बन उघडला, सगळं ओळीने घातलं, सॉसेजच्या जागी लोणच्याची आणखी एक चीर ठेवली आणि पैसे निम्मेच घेतले. मला भरून आलं. परक्या देशात कुणी विनातक्रार आपलं खाणं सांभाळलं की माणूस लगेच सैल सुटतो. मी हसून म्हटलं, "थोडं केचप मिळेल?"

"नाही."

त्यात राग नव्हता. देवळाच्या पायरीवर चपला काढायला सांगावं, तसं साधं सांगणं होतं. हॉट डॉगमधून हॉट डॉग काढला तरी त्याचं काही बिघडलं नव्हतं, केचप मात्र नाही. तिथेच उभ्याने खाल्लं आणि तेव्हापासून या खाण्याच्या नादाला लागले ती लागले.

शिकागोचा हॉट डॉग म्हणजे काय, हे इथे राहून अंगवळणी पडतं. सात गोष्टी, आणि सातही हव्यात. पिवळं मस्टर्ड. काकडीचं गोड रेलिश, तेही असल्या हिरव्या रंगाचं, की होळीला कुणी अंगावर टाकलं तर आठवडाभर जाणार नाही. बारीक चिरलेला पांढरा कांदा. टोमॅटो. शेपूच्या वासाच्या खाऱ्या लोणच्याची लांब चीर. स्पोर्ट पेपर नावाच्या, करंगळीच्या पेराएवढ्या, व्हिनेगरात मुरवलेल्या मिरच्या. आणि शेवटी वरून चिमूटभर सेलरी सॉल्ट. हे सगळं खसखस लावलेल्या, वाफवलेल्या बनमध्ये. इथले लोक म्हणतात, की सॉसेजला बागेतून फरपटत आणलंय. बरोबरच आहे, बागेतलं काही राहत नाही.

पहिल्यांदा तो बन हातात घेतला तेव्हा मला अनारसा आठवला होता. तशीच एका बाजूला दाट खसखस, तशीच दातांत कुरकुरणारी आणि नंतर अर्धा दिवस दातांच्या फटीत सापडत राहणारी. फरक एवढाच, की इथली खसखस काळपट निळी. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू बेकरीवाल्यांनी ती इथे रुजवली, असं सांगतात. सेलरी सॉल्ट म्हणजे अजमोदा आणि मीठ, एकत्र दळलेलं. ओव्याच्या कुळातलंच बी ते. नाकाशी धरलं तर आधी ओवा वाटतो, मग वाटतं नाही, हे जरा जास्त हिरवं, जास्त ओलं आहे.

आणि मस्टर्ड. त्याच्याशी तर माझं नातंच निघालं. एकदा सहज बाटली उलटी करून घटक वाचले: व्हिनेगर, मोहरी, मीठ आणि हळद. इतकी वर्षं मी समजत होते, की मोहरीच तशी पिवळीधमक असते. मोहरी वाटली की मळकट, फिकट रंगाची होते, हे मला कळायला हवं होतं; लोणच्याची मोहरी फेसताना आयुष्य गेलेल्या बाईची मी मुलगी. तो झगझगीत रंग हळदीचा. १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक मेळ्यात फ्रेंचेस या कंपनीने हे पिवळं मस्टर्ड लोकांपुढे आणलं आणि अमेरिकेने ते सॉसेजला लावलं ते लावलंच.

मी सांगलीची. बाबा हळदीच्या पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाची कॉलर, नखांच्या कडा, चष्म्याची दांडी, सगळ्याला हळदीची पूड. लहानपणी एकदा ते मला हरिपूरला हळदीची पेवं दाखवायला घेऊन गेले होते. जमिनीत विहिरीसारखी खोल, तोंडाशी अरुंद, पोटात मोठी. आत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की माणूस आत उतरायच्या आधी कंदील सोडायचे. कंदील विझला तर आतली हवा वाईट. २००५च्या पुरात त्यातली पुष्कळशी गेली. एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं असं आपण सर्रास लिहितो. मला तो वाक्प्रचार लिहिताना अजून हरिपूरचा तो दमट, कडवट वास येतो. तर अमेरिकेत येऊन, कडाक्याच्या थंडीत, सॉसेज नसलेल्या हॉट डॉगमध्ये मी जे पहिलं चाटलं ते बाबांच्या कॉलरीवरचं होतं. हे मला कळलं मात्र चार-पाच वर्षांनी, बाटली उलटी केल्यावर.

केचपचं काय, तर त्या म्हाताऱ्याचं बरोबर होतं. आमटीत चिंच-गूळ पडल्यावर वरून कुणी आमसूल आणि साखर टाकत नाही. इथे गोडाला रेलिश आहे, आंबटाला लोणचं आणि मस्टर्ड, टोमॅटो तर अख्खा बसलाय. केचप म्हणजे याच तिघांची एक सरसकट पेस्ट. ते आलं, की सेलरी सॉल्टचा वास आणि मस्टर्डचा ठसका आधी मरतो आणि सगळं एका गोड आवाजात बोलायला लागतं. अमेरिकेत हॉट डॉग आणि सॉसेजची एक राष्ट्रीय परिषद आहे (असायचीच), तिच्या शिष्टाचारांत लिहिलंय, की वयाच्या १८व्या वर्षानंतर हॉट डॉगला केचप लावू नये. मुलांना माफ. शिकागोत तेवढीही सवलत मनापासून कुणी देत नाही.

मग मी घरी करायला लागले. आणि घरी करायचं म्हटल्यावर सॉसेजचा प्रश्न परत आला. सुरुवातीला मला अपराधी वाटायचं. बीफऐवजी चिकनचं सॉसेज घालायचं आणि त्याला शिकागोचं म्हणायचं, म्हणजे साबुदाण्याऐवजी पोहे घालून खिचडी म्हणण्यासारखं. पण या सॉसेजचा इतिहास वाचला आणि तो अपराधीपणा गेला.

गोष्ट १८९३ची. शिकागोला कोलंबसाच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरलं होतं. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिलं. आपल्याला ते वर्ष वेगळ्या कारणाने पाठ असतं: त्याच निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि ११ सप्टेंबरला विवेकानंद बोलले. त्या परिषदेत मुंबईहून आलेले ब्राह्म समाजाचे बी. बी. नगरकरही बोलले होते, हे मात्र कुणाला फारसं आठवत नाही. परिषद शहराच्या मध्यात, आजच्या कलासंग्रहालयाच्या इमारतीत. प्रदर्शन दक्षिणेला, जॅक्सन पार्कात. तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले एमिल रायखेल आणि सॅम्युएल लाडानी सॉसेज विकत होते. त्यातूनच पुढे व्हिएन्ना बीफ ही कंपनी झाली. नगरकर तिकडे फिरकले का, फिरकले तर त्या वासाने नाकाला उपरणं लावलं का, असले निरुद्योगी प्रश्न मला भांडी घासताना पडतात.

मुद्दा असा, की युरोपातलं फ्रँकफर्टचं सॉसेज डुकराच्या मांसाचं. व्हिएन्नाचं डुक्कर आणि गाय-बैल यांच्या मिश्रणाचं. शिकागोच्या पश्चिम भागातल्या ज्यू वस्त्यांत डुक्कर चालत नव्हतं, म्हणून इथलं सॉसेज निव्वळ बीफचं झालं. ज्याला आज शहर 'अस्सल' म्हणतं, ते कुणाच्या तरी घरात काहीतरी चालत नव्हतं म्हणून बदलून घेतलेलं आहे. मग आमच्या घरात बीफ चालत नाही म्हणून मी कोंबडी घातली, तर मी त्याच रांगेत उभी आहे, फक्त शंभर-सव्वाशे वर्षं मागे.

वरच्या भाज्यांचंही तसंच. मॅक्सवेल स्ट्रीट हा इथला जुना बाजार. गाड्यांवर भाजी, लोणची, कपडे, जुनं सामान, आणि विकणारे ज्यू, ग्रीक, इटालियन, नंतर दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. १९२९मध्ये तिथे फ्लुकीज नावाचं दुकान निघालं आणि मंदीच्या वर्षांत पाच सेंटला एवढी सगळी भाजी घातलेला हॉट डॉग मिळायला लागला. त्याला मंदीचं सँडविचच म्हणायचे. खिशात पाच सेंट असलेल्या माणसाला जेवण झाल्यासारखं वाटायला हवं, तर मांस वाढवता येत नाही, बाग वाढवता येते. आपल्याकडे पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं, त्यापेक्षा हे बरंच.

दर पंधरा दिवसांनी आम्ही डेव्हन अॅव्हेन्यूला वाणसामानाला जातो. तिथल्या एका तुकड्याला गांधी मार्ग अशी पाटी आहे. तांदूळ, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता गाडीत टाकला, की त्याच रस्त्याने पश्चिमेला जात राहायचं. मिलवॉकी अॅव्हेन्यू जिथे डेव्हनला कापतो, तिथे छपरावर बारा-बारा फुटी दोन हॉट डॉग उभे आहेत, एक नर, एक मादी. त्याने बिबट्याचं कातडं पांघरून दंड फुगवलाय आणि ती लाजतेय. १९४८ सालचं सुपरडॉग. माझ्या लेकाला लहानपणी वाटायचं, की ते लक्ष्मी-नारायण आहेत, कारण त्यांच्या दर्शनाशिवाय डेव्हनहून घरी यायचंच नाही असा आमचा रिवाज. तिथे लाल टोमॅटोऐवजी हिरव्या टोमॅटोचं लोणचं घालतात. शिकागोचा नियम शिकागोतच मोडतात आणि कुणी काही बोलत नाही. पंचाहत्तर वर्षं टिकलं की मोडलेला नियमही घराणं होतो.

बाकी शहरांचं आपापलं. डेट्रॉइटला पातळ खिम्यासारखा सॉस, मस्टर्ड आणि कांदा. तिथली दोन ग्रीक भावांनी काढलेली, शेजारी शेजारी असलेली दुकानं प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्कला आंबवलेला कोबी. सिएटलला क्रीम चीज, ते एक असो. अॅरिझोनातल्या टुसॉनला सोनोरा पद्धतीचा, बेकनमध्ये गुंडाळलेला, वर राजम्यासारख्या शेंगदाण्यांचा. नवरा ओरडतोय, दाण्यांचा लिही, शेंगदाणे वेगळे. दाण्यांचा. नेवार्कला इटालियन लोकांनी त्यात तळलेले बटाटे घातले, तो मात्र एकदा घरी करून बघितला पाहिजे.

आणि इंदूर. माझी मामी इंदूरची, होळकरांच्या काळात तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातली. मी पाचवी-सहावीत असताना तिच्याकडे गेले होते. छप्पन दुकानला नेऊन तिने मला जॉनीचा हॉट डॉग खायला घातला: गोल बन, आत बटाट्याची टिक्की, सगळं तव्यावर खरपूस. पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात हॉट डॉग म्हणजे तेच होतं. गोल असतो, गरम असतो, शाकाहारी असतो. कुत्र्याचा संबंध तिथेही कळला नव्हता, इथेही नाही.

यंदा मे महिन्यात आई आली. वय ७४, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने थालीपिठं लावली. भाजणी सांगलीहून आणलेली, वासाने घर भरलं. लेक अकरा वर्षांचा. त्याने पहिलं थालीपीठ ताटात घेतलं, फ्रिज उघडला, केचपची बाटली काढली आणि मधल्या भोकापासून सुरू करून गोल गोल जिलबी घातली. आईच्या हातातलं उलथणं हवेतच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी ओट्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. दुसरं थालीपीठ उलटलं आणि लोण्याचा गोळा त्याच्या ताटाच्या कडेला ठेवला. त्याने तो ढकलून आणखी कडेला नेला.

हे पोर हॉट डॉगच्या बाबतीत मात्र कट्टर. बेसबॉलच्या टीममधल्या पोरांनी त्याला पढवलंय. दुसऱ्या गावचा कुणी केचप मागताना दिसला, की हा माझा हात दाबतो.

चार जुलैला आमच्याकडे दहा-बारा माणसं जमतात. या वर्षी ठरलं, की आजीलाही शिकागोचा हॉट डॉग खायला घालायचा. बाजारात शाकाहारी सॉसेजं मिळतात, आईने पाकिटावरची घटकांची यादी माझ्याकडून वाचून घेतली, अर्ध्यातच थांबवलं आणि म्हणाली, "त्यापरीस एखादं गाजर घाल की." ती चेष्टेत म्हणाली होती. पण गाजराचा हॉट डॉग खरोखरच करतात, आणि चांगला होतो.

गाजरं अंगठ्याएवढी जाड, शक्यतो सरळ आणि बनपेक्षा बोटभर लांब घ्यायची. सोलून दोन्ही टोकं गोल करायची. मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडायची, सुरी शिरली पाहिजे पण थोडी हटून. मऊ झालं की संपलं, मग त्याचा गाजर हलवाच करायचा. ती गरम असतानाच सोया सॉस, सफरचंदाचं व्हिनेगर, वाटलेला लसूण, चिमूटभर साखर आणि धुरावलेल्या मिरचीची पूड यांत बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजायची.

रात्री आईने त्यातलं एक चाखलं. "धूर कमी आहे. कोळशाची धुरी दे." मला थांबवायची बुद्धी व्हायच्या आत तिने कोळसा गॅसवर ठेवला, वाटीत घालून गाजरांच्या मध्ये ठेवला, वर तूप सोडलं आणि झाकण लावेपर्यंत छताला लावलेला भोंगा किंचाळायला लागला. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, लेक कानांत बोटं घालून हसतोय, आणि आई झाकणावर हात दाबून शांतपणे म्हणतेय, "ते ओरडू दे. झाकण काढू नका कुणी." गाजरांना धूर लागला तो असा. तुम्ही करणार असाल तर अंगणात करा.

सकाळी बनचा घोळ. चार जुलैच्या आठवड्यात खसखसवाले बन संपतात हे मला दर वर्षी नव्याने कळतं. साधे बन होते. अंड्याचा पांढरा बलक लावून खसखस चिकटवता आली असती, पण आईला अंडं नको. मग कॉर्नफ्लोअरची पातळ खळ केली, बनवर ब्रशने फिरवली, वर सांगलीहून अनारशांसाठी आलेली पांढरी खसखस दाबली आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर चार मिनिटं. निळ्याऐवजी पांढरी. लेकाने नाक मुरडलं, मग एक बन कोरडाच खाल्ला.

बन वाफवायचा असतो, भाजायचा नसतो, ही यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. आमच्याकडे त्यासाठी मोदकपात्र आहे. तळाशी पाणी, चाळणीवर ओलसर फडकं, त्यावर बन, मिनिटभर झाकण. मनात साठपर्यंत मोजायचं. दीड मिनिट झालं तरी चालतं. तीन झाली की बनची लापशी होते, आणि हे मी दोन पाकिटं फुकट घालवून शिकलेय. नीट वाफवलेला बन हातात घेतला की पहिल्या वाफेच्या मोदकासारखा लागतो, बोटाने दाबला तर हळूच परत वर येतो. चिकनची सॉसेजं दुसऱ्या पातेल्यात. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं, नाही तर साल फुटते. दात लावल्यावर जो टच्चकन आवाज यायला हवा तो त्या सालीचा. गाजराला तो येत नाही. तेवढं सोडून द्यायचं.

मग मांडणी. ती लेकाने केली, मला हात लावू दिला नाही. आधी मस्टर्ड, सॉसेजवर, बनला नाही. मग रेलिश. मग कांदा. टोमॅटोच्या अर्धगोल फोडी एका बाजूला, बन आणि सॉसेजच्या फटीत. लोणच्याची चीर दुसऱ्या बाजूच्या फटीत. वर दोन मिरच्या. शेवटी सेलरी सॉल्ट. आईने मस्टर्डचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, उजेडात धरला. पेठेतल्या माणसाच्या बायकोची जुनी सवय. "हळद आहे. पण रंगापुरती." सेलरी सॉल्ट तळहातावर घेऊन हुंगलं. "ओवा... नाही. ओव्याचा चुलत भाऊ." रेलिशच्या रंगाबद्दल मी घटक वाचून दाखवले, पिवळा रंग, निळा रंग. ती म्हणाली, "दिसतंयच."

समोरच्या घरातलं पोलिश आजोबांचं जोडपं आलं होतं. आजोबांनी आईच्या ताटातल्या गाजराकडे बराच वेळ बघितलं. "गाजर?" मी म्हटलं, हो. "केचप नाही ना?" म्हटलं, नाही. त्यांनी मान डोलावली आणि एक गाजराचा मागून घेतला. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या दुकानातल्या म्हाताऱ्याची मला आठवण झाली.

आईने पहिला घास घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सावकाश चावला, मिरची लागली तसं कौतुकाने भुवया उंचावल्या, आणि म्हणाली, "चांगलं आहे गं. जरा कोरडं वाटतंय. सॉस आण बरं तो लाल."

कुणी हललं नाही. मराठी न समजणाऱ्या आजोबांनासुद्धा काहीतरी झालंय एवढं कळलं.

"आजी, नो," लेक म्हणाला. "त्याच्यावर केचप नाही लावायचं."

"का?"

"नसतं लावायचं. रूल आहे. आणि तू अठरापेक्षा मोठी आहेस."

"कितीतरी," आई म्हणाली. ती उठली, स्वतः आत गेली, बाटली घेऊन आली. आणि मी, जिने मूळ सॉसेज काढून टाकलं, बन बदलला, खसखस बदलली, शेवटी गाजरापर्यंत येऊन पोचले, ती मीसुद्धा म्हणाले, "आई, अगं खरंच नको. सगळी चव जाईल."

आईने आमच्या दोघांकडे बघितलं. "मे महिन्यापासून हा पोरगा थालीपिठाला हे लावतोय. मी बोलले एक अक्षर?"

"दॅट्स डिफरंट," लेक म्हणाला, पण आवाज पडला होता.

तिने लावलं. भरपूर लावलं. आजोबांनी दुसरीकडे मान वळवली, एखाद्या घरची भांडणं सुरू झाल्यावर सभ्य माणूस वळवतो तशी. आईने अख्खा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. जरा गोडच झालं." पुढचा तिने केचपशिवाय खाल्ला, पण आम्हाला सांगून नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

त्या दिवशी लेकाच्या पांढऱ्या टी-शर्टवर मस्टर्ड सांडलं. मी सवयीने साबण लावला आणि डाग कुंकवासारखा लालभडक झाला. आई धावत आली. "हळदीला साबण लावतेस? सांगलीची ना तू?" तिने तो नुसत्या पाण्यात खळबळून डेकवरच्या खुर्चीवर उन्हात पसरला. आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे. आई म्हणाली, वाळत नाही घातलाय, रंग उडायला ठेवलाय. बाबांचे शर्ट ती अशीच गच्चीवर टाकायची. संध्याकाळपर्यंत लाल गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिवळं. कुठे होतं ते शोधावं लागत होतं.

ऑक्टोबरात ती परत गेली. बॅग भरताना स्पोर्ट पेपरची बाटली तिने दोनदा आत ठेवली आणि वजन बघून दोनदा काढली. सेलरी सॉल्टची डबी मात्र मोज्यात गुंडाळून नेली. आठवड्याभराने व्हिडिओ कॉल आला. भडंग केलं होतं, आमच्याकडे करतात तसं, लसूण तळून, मेतकूट घालून, सोबत कच्चा कांदा. त्यावर तिने सेलरी सॉल्ट भुरभुरलं होतं. भिशीच्या बायकांना फार आवडलं, काय आहे ते तिने सांगितलं नाही.

लेक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "आजी, केचप घातलंस का?"

आईचा चेहरा फोनच्या एकदम जवळ आला.

"भडंगावर?" ती म्हणाली. "शी!"